‘बोलाचाली’ची राहिलेली दुरुस्ती

ताई, तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. माझं नाव पुकारलं आणि मी जागची उठलेच नाही. माझ्याआधी बोलून गेलेल्यांनी तुम्हाला शांत, सोशिक, सगळ्यांना सांभाळून घेणारी करून टाकलं होतं. तुमच्या शाळेतले एक जुने गुरुजी तर म्हणाले, बाईंनी आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. मांडवात मागं बसलेल्या दोघीतिघी खाली मान घालून हसल्या. त्यांना तुमची उत्तरं आठवत असणार. मला त्या वेळी एवढंच सुचत होतं की तुमचं माझं भांडण अर्धवट राहिलंय. ज्या माणसाशी भांडण अर्धवट राहिलंय त्याच्याबद्दल मांडवात उभं राहून गोड कसं बोलायचं, ते मला जमत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. बसले म्हणायचं एवढंच. दोन ओळी लिहिते, उठते, पाथरीच्या या दोन खोल्यांतून फिरून परत येते. कॉम्प्युटरवर तुमच्या मासिकाची पानं उघडीच आहेत. बंद करावीशी वाटत नाहीत आणि त्यांच्याकडं बघतही बसवत नाही.

तुमची पहिली ओळख मला याच पडद्यावर झाली, हे तुम्हाला शेवटपर्यंत गमतीचं वाटायचं. मी पीएचडीसाठी पुण्यामुंबईची जुनी स्त्रीवादी मासिकं वाचत होते. कुणीतरी ती पानन् पान स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली होती, नाहीतर माझी काय टाप होती? कॉलेजातून रजा काढायची, पुण्यात राहायची सोय बघायची, तिथल्या ग्रंथालयात ओळखपत्र दाखवून दिवसाला मोजके अंक मागायचे, हे मला झेपणारं नव्हतं. पाथरीत घरी बसून, भाजी फोडणीला टाकून, मी ती पानं वाचत होते. एका दुपारी, नकाशा उघडला की माणूस आधी आपलं गाव शोधतं तसं, मी सहज ‘परभणी’ शब्द टाकून शोधलं. एका अंकात अगदी खाली, बारीक टायपात, ‘आमच्याकडे आलेली नियतकालिके’ असं सदर होतं. त्यात एक ओळ होती: ‘बोलाचाली, स्त्रियांचे मासिक, परभणी’. पुढं तुमचं नाव.

मी खुर्चीतून उठले होते, ताई. या जिल्ह्यात मी जन्मले, इथंच इतिहास शिकले, इथंच तो शिकवते, आणि इथं बायकांचं मासिक निघायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विभागातल्या वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, असेल एखादं हळदीकुंकवाचं पत्रक. तुम्ही जिवंत आहात आणि पालमला राहता हे कळायला त्यानंतर बराच काळ गेला.

पहिल्या भेटीत तुम्ही दारातच विचारलंत, “पीएचडीवाली का? मग चहा घे आणि जा. अंक मिळायचे नाहीत.” एकदा कुणी अभ्यासक अंकांचा गठ्ठा घेऊन गेला होता, तो परत आला नव्हता. मी दोनतीन खेपा घातल्या. शेवटी म्हणाले की अंक घराबाहेर नेणार नाही, तुमच्यासमोर इथंच फोटो काढीन. तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत नेऊन ज्वारीच्या रिकाम्या कोठीचं झाकण उघडलंत. आत कडुलिंबाचा पाला, त्यावर जुनं लुगडं आणि लुगड्यात गुंडाळलेले अंक. पिना गंजून पानांना भोकं पडली होती, पण वाळवी लागली नव्हती. “माझ्या मास्तरकीच्या पगारातून काढलेत,” तुम्ही म्हणालात. “वाळवीची काय बिशाद हाय.”

मग किती रविवार गेले. पाथरीहून परभणी, परभणीहून पालमची गाडी. खिडकीपाशी टेबल, त्यावर फोन बसवायचा स्टँड, पान सपाट राहावं म्हणून काच. पानं उलटायचं काम तुम्ही घेतलं होतं आणि तिथंच सगळा घोटाळा होता. पान उलटायच्याऐवजी तुम्ही ते वाचत बसायच्या. कुणाचा लेख कच्चा होता, कुणाचा तुम्ही छापायला नको होता, कुणी पुढं निवडणुकीला उभं राहून सगळं विसरली. मी म्हणायचे, ताई, उजेड चाललाय. तुम्ही म्हणायच्या, जाऊ दे, उद्या परत येतोय तो.

शेवटच्या पानावरचं ‘एकटीनं’ हे सदर मला तिथंच पहिल्यांदा दिसलं. या महिन्यात तुम्ही एकट्या कुठं गेलात, एवढंच विचारायचात आणि बायका दोनदोन ओळी पाठवायच्या. ‘परभणीला डोळे दाखवायला गेले. सोबत कुणी नव्हतं. परत येताना मुद्दाम मागची गाडी धरली.’ ‘पाथरीच्या बाजारात बांगड्या भरल्या. रंग माझा मी सांगितला.’ ‘कुठंच नाही. पण जाणार आहे.’

जिल्ह्याच्या सरकारी पुस्तकांत धरणं सापडतात, कापसाचं पीक सापडतं, रेल्वे कधी आली ते सापडतं. इथली बाई एकटी एसटीत चढायला कधी लागली, ते कुठं लिहिलंय? ते तुमच्या शेवटच्या पानावर आहे. सगळे अंक पडद्यावर एकापुढं एक लावले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीला बायका बाजारापर्यंत जातात, मग तालुक्याला, मग परभणीला, आणि पुढं एक जण मुलीच्या प्रवेशासाठी औरंगाबादला जाऊन रात्री मुक्काम करून येते. हे अंतर महिन्यामहिन्यानं लांबत गेलेलं मी तुम्हाला दाखवलं. कोठीतला एकएक अंक हातात घेतला तर ते तुम्हालाही दिसलं नसतं. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात आणि पहिल्या अंकापासून सगळं पुन्हा दाखवायला सांगितलंत. त्या दुपारसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. हे तुम्हाला कधी म्हणाले नाही, कारण म्हणाले असते तर तुम्ही ‘पुरे, फोटो काढ’ म्हणाला असता.

आणि मग तो विशेषांक आला. ‘टाकलेल्या बायका’ नावाचा. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या, सवत आणल्यावर माहेरी येऊन राहिलेल्या बायकांचे अनुभव त्यात होते, पूर्ण नावगावासकट. पुण्याचं एक ग्रंथालय ‘बोलाचाली’ सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवायला तयार झालं होतं. मी म्हणाले, या अंकातली आडनावं आणि गावं झाकू या. या बायकांनी लिहिलं तेव्हा मासिक जिल्ह्यातल्या काही घरांत जात होतं. आता कुणाचाही नातू मोबाइलवर आजीचं नाव टाकेल आणि पान त्याच्यासमोर उघडेल. त्या वेळची परवानगी त्या कागदापुरती होती.

तुम्ही भडकलात. “अर्चना, त्या बायांना नावानं कोण हाका मारायचं? अमक्याची सून, तमक्याची बायको. जन्मात एकदा नाव छापून आलं आणि तू ते पुसायला निघालीस?”

मी म्हणाले, पुसत नाही, झाकते.

“ज्याला झाकायचं असतं तो असंच म्हणतो,” तुम्ही म्हणालात.

हे भांडण आपण कितीतरी रविवार पुरवून पुरवून भांडलो. मधेच जेवायचो. तुम्ही माझ्या ताटात भाकरी वाढायच्या आणि वाढता वाढता मला घाबरट म्हणायच्या. एकदा मी सुचवलं, आपण कशाला भांडतोय, त्यांनाच विचारू. त्यातल्या येलदरीच्या गयाबाई अजून आहेत, मी पत्ता काढलाय, दोघी जाऊ. तुम्ही म्हणालात, गुडघा दुखायलाय. पुढच्या वेळी ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या वेळी तुम्ही विषयच बदललात. मी खरंच समजले की गुडघाच आहे.

शेवटचा फोन तुमचाच. त्यातही हाच वाद. मी काहीतरी लांबण लावली तेव्हा तुम्ही तोडून म्हणालात, “रविवारी ये. समोर बसून भांडू. फोनवर तुझं तोंड दिसत न्हाई, मजा येत न्हाई.” शनिवारी सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला. हृदयाचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदन झालं आणि मी एकटीच येलदरीला गेले. जिंतूरपर्यंत एसटी, पुढं जीप. गयाबाईंचं घर धरणाखालच्या वसाहतीला लागून आहे. त्या दारात बसून टोपलीचा सुटलेला काठ तारेनं बांधत होत्या. वय झालंय, पण हात भराभर चालतात. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, “ताई कशी हाय?”

मी सांगितलं. त्यांनी तार गुंडाळली, टोपली बाजूला सारली, पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, “मंग आता मी भांडू कुनासंगं?”

मला वाटत होतं, तुमच्याशी भांडण राहिलेली जगात मी एकटीच आहे.

त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं. मी टॅबवर त्यांचं पान काढलं आणि वाचायला लागले. त्या मान हलवत होत्या, काही ठिकाणी माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणत होत्या. ‘माझ्या नवऱ्याने मला टाकले’ हे वाक्य आलं आणि त्यांनी हात वर केला.

“हितं थांब. हे म्या सांगितलेलं न्हाई.”

मला कळेना. मी परत वाचलं.

“मला कुनी टाकलं न्हाई, माय. म्या निघून आले. दिवसाउजेडी, समद्याच्या देखत, माझी भांडी घेऊन आले. टाकलेली बाई दारात बसून वाट बघती. म्या कुनाची वाट बघितली न्हाई.”

मग सगळी हकिकत कळली. नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि गयाबाईंना सांगितलं, तू मागच्या खोलीत राहा. त्या राहिल्या नाहीत. येलदरीला भावाकडं आल्या, धरणातले मासे घेऊन जिंतूरच्या बाजारात बसायला लागल्या. एसटीत वासावरून कंडक्टर बोलायचा, तर त्याच्याशी रोज हुज्जत घालायच्या. नवरा न्यायला आला, पुन्हा एकदा आला, त्या गेल्या नाहीत. तुमच्या एका मेळाव्यात त्यांनी हे सगळं उभं राहून सांगितलं आणि तुम्ही ते लिहून घेतलंत. त्यांना लिहिता येत नव्हतं. अंक छापून आल्यावर वसाहतीतल्या एका बाईनं तो वाचून दाखवला, आणि गयाबाईंनी तुम्हाला निरोप धाडला की तोंड दाखव.

आणि तुम्ही गेलात. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, ताई. पालमहून येलदरी म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला. तुम्ही तिथं बसलात, त्यांनी तुम्हाला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि तुम्ही ऐकलंत. मग तुमची बाजू मांडलीत. ती बाजू गयाबाईंना अजून पाठ आहे.

“ताई म्हनली, कोर्टात पोटगी मागायची तर टाकलं असंच म्हनावं लागतंय. निघून आले म्हनलं का वकील म्हनतो, बाईच पळून गेली. म्या म्हनलं, म्या कुटं पोटगी मागायलेय? म्या मासे इकायलेय. तर म्हनली, तू न्हाई मागत, पर तुझ्या जोडीला ज्यायची नावं छापलीत त्या मागायल्यात, त्यायचा खटला बिघडंल.”

तुमचं चूक नव्हतं. गयाबाईंचंही चूक नव्हतं. त्यांनाही ते कळत होतं, म्हणून त्यांनी तुम्हाला जेवू घातलं. उठताना तुम्ही कबूल केलंत की पुढच्या अंकात दुरुस्ती छापते. गयाबाईंनी पुढचा अंक वाचून घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. मग विचारायचं सोडून दिलं.

त्या दिवशी परत येताना जीपमध्ये मला तुमचा इतका राग आला होता. नावं झाकू नको म्हणून माझ्याशी महिनोन्महिने भांडलात, आणि ज्या बाईचं नाव मोठ्या तोऱ्यात छापलंत तिचं वाक्यच बदललं होतं. दुखरा गुडघा नव्हताच. तुम्हाला मला घेऊन त्या दारात जायचं नव्हतं.

घरी आले आणि सगळे अंक उघडले. आधी कॉम्प्युटरला ‘टाकलेली’ शब्द शोधायला लावला. जुना टाइप, पुसट शाई, त्यामुळं तो अर्धे शब्द चुकीचे वाचतो. शेवटी त्या विशेषांकापासून पुढचं एकेक पान मीच वाचून काढलं. दुरुस्ती कुठंच नाही. पण आधी ओझरतं पाहिलेलं दुसरं काहीतरी नीट दिसायला लागलं. विशेषांकानंतर तुमच्या संपादकीयांतून ‘टाकलेली’ कमी होत जाते आणि मग नाहीशीच होते. तिच्या जागी ‘निघून आलेली’ येते. आधी अवतरणचिन्हांत, जरा बिचकत. पुढं अवतरणचिन्हंही जातात. शेवटच्या वर्षाच्या अंकांत तर तुम्ही ते शब्द असे वापरता, जणू ते तुमचेच आहेत.

माझ्या प्रबंधात मी काय लिहिलं होतं माहितीय? ‘संपादकांच्या भाषेत हळूहळू बदल झालेला दिसतो.’ पडद्यावर तेवढंच दिसतं, ताई. बदल दिसतो. तो येलदरीहून आला, एका बाईनं तुम्हाला समोर बसवून तो दिला, हे कुठल्याच पानावर नाही. अंक स्कॅन झाले नसते तर मला तो बदल कळला नसता, आणि मी येलदरीला गेले नसते तर तो कुणाचा ते कळलं नसतं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी आता दोन्ही सांगते. त्या लिहून घेतात. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. तुम्ही तिचे शब्द घेतलेत, शिकलात, बदललात, मग दोन ओळींची दुरुस्ती छापायला तुम्हाला काय झालं होतं? कोर्टातल्या बायकांची भीती होती की संपादकाचा ताठा? मला दोन्ही खरं वाटतं, आणि कुठलं जास्त खरं ते सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

नावांचा निकाल असा लागला. मी गयाबाईंना विचारलं, तुमचं नाव असं सगळ्यांना दिसेल, चालेल का? त्या म्हणाल्या, नाव ठिव, नाव माझंच हाय. बाकीच्या जेवढ्या सापडल्या त्यांना विचारत गेले. एक आता नाहीत. त्यांच्या मुलीनं हात जोडले, आईचं नाव नको म्हणाली. ते मी झाकलं. तुम्ही असता तर माझ्या ताटातली भाकरी काढून घेतली असती. पण मी ते परत उघडणार नाही. ज्या सापडल्या नाहीत त्यांचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज वेगळं ठरवते.

राहिली दुरुस्ती. छापलेल्या पानाला मी हात लावला नाही. ते जसं होतं तसं दिसायला हवं, हे तुम्हालाही पटलं असतं. पण पानाच्या शेजारी टीप जोडता येते. ती टीप मी लिहिली, ग्रंथालयाला पाठवायच्या आधी गयाबाईंना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मी लिहिलं होतं, ‘संपादकांच्या अनवधानाने हे वाक्य चुकीचे छापले गेले.’

“अनवधान म्हंजी काय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, लक्षात न आल्यामुळं.

“तिला चांगलं ठावं व्हतं,” गयाबाई म्हणाल्या. “तसं लिव्ह.”

मी म्हणाले, मावशी, लोक ताईंना नावं ठेवतील.

“ठिवू दे,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आन हे बी लिव्ह, का ती हितं आली व्हती. माझं ऐकायला दुसरं कुनी बी आलं न्हाई.”

तसंच लिहिलं, ताई. गयाबाईंनी सांगितलं त्या क्रमानं, आधी ते आणि मग हे. तुम्हाला ते आवडलं नसतं. का आवडलं नाही ते तुम्ही मला समोर बसवून संध्याकाळची गाडी चुकेपर्यंत ऐकवलं असतं. मी चुकवली असती.